चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनर पी०३०१ दाखवतो. कॉइल बदलू का?

कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) लगेच बदलू नका. कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, पुढचं ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, ३ म्हणजे इग्निशन-मिसफायर आणि शेवटचं ०१ म्हणजे पहिला सिलिंडर. तिथे मिसफायर होतंय, म्हणजे इंधन नीट जळत नाही, एवढंच तो सांगतो. कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायरिंग, कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), काहीही असू शकतं.

प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर इंजिन थंड झाल्यावर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावा, कोड पुसा आणि गाडी थोडी फिरवा. आता पी०३०२ आला तर कॉइलच गेली. पी०३०१ च राहिला तर तसाच प्लग अदलाबदल करून बघा. पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा, म्हणजे दोष आला त्या क्षणाच्या स्कॅनरवर दिसणाऱ्या नोंदीचा, फोटो मात्र नक्की काढा. दोष कुठल्या वेगाला, किती तापमानाला आला ते त्यात असतं आणि कोड पुसला की तेही जातं.

आपल्या गोव्यातल्या पावसात आणखी एक बघायचं. माझ्या गाडीची कॉइल उपटली तेव्हा प्लगच्या खळग्यात पाणी होतं आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज. फोंड्याच्या एका गॅरेजवाल्याने त्याआधी नवी कॉइल विकली होती! खळगा वाळवला, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या, कॉइलचा प्लगवर बसणारा रबरी बूट बदलला. जुन्याच कॉइलवर गाडी सुरळीत चालली.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी बाजूला घेऊन बंद करा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला भाग) जाळतं, आणि तो खर्च कॉइलपेक्षा कितीतरी मोठा आहे.