बादली कोण भरतं?

"मॅडम, बोर्डापुढे तो इतका छान बोलला की चाळीसच्या खालीच टक्के दिले. आता काय करू?" मानसोपचार ओपीडीत हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. बोर्ड म्हणजे तपासून अपंगत्वाचे टक्के ठरवणारं डॉक्टरांचं मंडळ.

या काकूंनी टेबलावर पिशवीच उपडी केली. केसपेपर, गोळ्यांची रिकामी पाकिटं, मध्येच एक लाइटबिल. मुलगा चौतीस वर्षांचा, स्किझोफ्रेनिया. बोर्डात विचारलं, आंघोळ करतो का? काकू म्हणाल्या, हो.

"खोटं कसं बोलायचं?"

"बादली कोण भरतं?"

"मीच. दाराबाहेर उभी राहून हाका मारते, नाहीतर तासभर नुसता बसून राहतो."

"हे सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? आईनं करायचंच असतं."

गाडी अडली होती ती इथे. मानसिक आजारातलं अपंगत्व 'आयडियाज' मोजपट्टीवर ठरतं. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, काम या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण, शिवाय आजाराच्या कालावधीचे 1 ते 4. बेरीज 7 झाली की 40 टक्के, आणि संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला तेवढे लागतातच. औषधाच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, बादलीचं नसतं.

पिशवीच्या तळाशी 2012 चा केसपेपर निघाला, घडीवर फाटलेला. बोर्डाला दाखवले होते फक्त गेल्या वर्षीचे. दहा वर्षांहून जुन्या आजाराला कालावधीचे पूर्ण 4 गुण असतात, म्हणजे त्या फाटक्या कागदाची किंमत बघा.

कागद तारखेनुसार लावले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून पत्र घेतलं, त्यात निदानासोबत त्याला रोज कशात किती मदत लागते तेही आलं. काकूंनी आठवडाभर वहीत लिहिलं: 'सोमवार. दात घासले, चौथ्यांदा सांगितल्यावर.' वाढवून काही लिहायचं नाही, एवढीच माझी अट.

काही घरचे विचारतात, तपासणीआधी चार दिवस गोळ्या बंद ठेवू का? अजिबात नको. आजार उलटला तर सावरायला महिने जातात.

फेरतपासणीत पुन्हा आंघोळीचं निघालं. "करतो, पण..." म्हणत काकूंनी वही उघडली. यावेळी टक्के चाळीसच्या वर गेले. दाखला घेऊन त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा चेहरा उतरलेला.

"इतका आजारी आहे होय तो?"

त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.