संमतीपत्र आधी, कॅमेरा नंतर

बेळगावात व्हिडिओ काढताना खडेबाजारातल्या गर्दीच्या शॉटसाठी प्रत्येकाची सही घेत बसू नकोस. पण भाजीवाल्या मावशींची मुलाखत घेणार असशील तर संमतीपत्र हवंच, तेही त्यांना वाचता येईल त्या भाषेत, मराठी नाहीतर कन्नड. नाव, तारीख, व्हिडिओ कुठं दाखवणार, मानधन किती, एवढं स्पष्ट लिही. सही येत नसेल तर सगळं वाचून दाखव, साक्षीदारासमोर अंगठा घे आणि तोंडी होकारही रेकॉर्ड कर. मूल असेल तर पालकांची सही.

व्हिडिओत ओवीचं जुनं रेकॉर्डिंग वापरायचा विचार असेल तर लक्षात ठेव, ओवी पारंपरिक असली तरी तिच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. त्यापेक्षा गावातल्या बायकांकडून नव्यानं गाऊन घे, आणि त्यांना पैसे दे.

कॅम्पातल्या, म्हणजे छावणी भागातल्या, लष्करी जागेकडे परवानगीशिवाय कॅमेरा वळवू नकोस. ड्रोनची नोंदणी हवी. सांबरा विमानतळ जवळ आहे, म्हणून उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघ.