दीड वर्षांचा कुत्रा परसातल्या खारी-मुंगसांवर दिवसभर भुंकतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मागच्या अंगणात खार, मुंगूस, मांजर काहीही दिसलं की कुत्रा घसा बसेपर्यंत भुंकतो, ओरडलं की आणखी चेकाळतो आणि शेजारी वैतागलेत. मी सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला राहतो. मागे कडुनिंब, पेरू आणि भिंतीपलीकडे रिकामा प्लॉट. आमचा सर्जा कारवानी जातीचा, सहा वर्षांचा. आपल्या भागात हे कुत्रे माळावर ससा धरायला पिढ्यान् पिढ्या पाळलेले. काही हललं की धाव घ्यायची, ही त्यांची जातच. म्हणून मार आणि विजेचा धक्का देणारा पट्टा, दोन्ही आधी डोक्यातून काढून टाका.

आपण स्वयंपाकघरातून "गप्प बस रे!" ओरडतो, तेव्हा त्याला वाटतं घरचेही आपल्या जोडीला भुंकतायत. आणि खार तशीही झाडावर पळणारच असते, पण तो समजतो की मीच हाकलली. दिवसातून वीस वेळा असं जिंकायला मिळत असेल तर तो का थांबेल?

आमच्याकडे उपयोग झाला तो असा. तो भुंकला की मी जवळ जायचो, तो बघतोय तिकडे बघायचो, हळू आवाजात "बघितलं, चल" म्हणायचो आणि त्याने मान वळवली की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचो. सुरुवातीला लांब दोरी लावूनच, कारण खार समोर असताना हाक त्याच्या कानापर्यंत पोचतच नव्हती. दोनेक महिन्यांनी तो तीन-चारदा भुंकून स्वतःच माझ्याकडे यायला लागला. साफ गप्प झाला नाही, आणि तसा व्हावा असं मला वाटतही नाही.

कारण भुंकण्याभुंकण्यात फरक असतो. खारीवर मान वर करून सलग. मुंगसावर भिंतीच्या कडेने धावत. एका पावसाळ्यात संध्याकाळी मात्र तो पेरूखाली पाय ताठ करून, एकेक पाऊल मागे सरत, तुटक तुटक भुंकत होता आणि वर साळुंक्यांनी कालवा मांडला होता. धुण्याच्या दगडामागे साप होता. सर्पमित्रांनी धरला, धामण निघाली, बिनविषारी. पण ते आम्हाला नंतर कळलं. तेव्हापासून तसा आवाज आला की मी आधी कुत्र्याला आत घेतो. साप चावल्याची शंका आली तर काही आवळून बांधू नका, चालवू नका, उचलून थेट पशुवैद्यांकडे न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं प्रतिविष कुत्र्यांनाही देतात. ते जवळ कुठे मिळतं हे आजच विचारून ठेवा. पावसाळ्यात बेडूक तोंडात धरून फेस आला तर तोंड खाली करून पाण्याने धुवा, मग दवाखाना.

रात्रीच्या भुंकण्याचं कारण आम्हाला उशिरा सापडलं. सर्जाच्या ताटलीत उरलेली भाकरी आम्ही रात्रभर बाहेर ठेवायचो. तिच्यावर घुशी यायच्या, भिंतीखाली पोखरायच्या. माणसाला ऐकू न येणारी उंदरांची चीं चीं कुत्र्याला ऐकू येते, आणि घुशी-उंदरांमागे सापही येतो. ताटली आत घेतली, बिळं बुजवली, पेरूचा सडा रोज उचलायला लागलो. आठवड्याभरात रात्र शांत झाली. घुशी-उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) होतो आणि मुंगसाच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो, त्यामुळे लसी वेळेवर द्याच.

उन्हाळ्याचं वेगळं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, दुपारी डांबर पंजे भाजतं. मग फिरणं राहून जातं आणि सगळी ताकद भुंकण्यात जाते. सकाळी सातच्या आत त्याला दमवून आणा. दुपारी एक ते चार मागचं दार बंद ठेवा, त्याने शेजाऱ्यांची झोपही वाचते. जाळीच्या फाटकाला हिरवं शेडनेट बांधा, प्लॉटमधलं दिसणंच कमी होतं.

आठ दिवस एक वही ठेवा: किती वाजता भुंकला, कुठे बघत होता, तिथे काय होतं. मग ती वही आणि कुत्र्याची जात इथे खाली लिहा, मी नक्की बघतो.