माहेरी पाहुणी म्हणून जाऊ नका

म्युनिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. माहेर जळगावचं, पिंप्राळ्याकडचं. बऱ्याच वर्षांनी मेअखेरच्या शाळेच्या सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन त्या गेल्या. मुलं उन्हाने हैराण झाली, नातेवाइकांकडे जेवणावळी झाल्या, आणि परतताना मोठी लेक म्हणाली, 'तू सांगायचीस ते गाव हे नव्हेच.' ताईंना ते लागलं, कारण त्यांनाही तसंच वाटत होतं. पुन्हा जायचं तर कसं जावं, मुलांना काय दाखवावं आणि हॉटेलात उतरलं तर आईला वाईट वाटेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी मे महिन्याचं बोलू. जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. तिथले लोकही सकाळी दहाच्या आत कामं उरकून दारं लावून घेतात आणि संध्याकाळशिवाय बाहेर पडत नाहीत. म्हणजे तुम्ही जे शहर बघायला गेलात ते त्या वेळी आत झोपलेलं होतं. मेच्या बाजूने एकच गोष्ट बोलते, ती आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. पण आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते, म्हणजे तुमच्या सुट्टीच्या आधीच संपते.

तिकीट काढण्याआधी कालनिर्णय बघा. बव्हेरियातल्या शाळा ऑगस्टभर बंद असतात ना? मग कानबाईला, आपल्या खानदेशी देवीच्या सणाला जा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. तारीख बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये पडते, कधी जुलैअखेर. एरवी वर्षभर एकमेकांशी न बोलणारे भाऊबंदही त्या दिवशी एका घरात जमतात. नैवेद्याच्या रोटांचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठींनी मोजतात, आणि जो पुण्याला, दुबईला किंवा म्युनिकला असतो त्याचीही मूठ पडते. लेकींच्या नावाची मूठ का नाही, असं तुमच्या मुलीने विचारलं तर तिला गप्प करू नका. तो प्रश्न आजीलाच विचारू द्या. आजीकडे उत्तर नसलं तरी गप्पा रंगतील, आणि कोण जाणे, एखादी जास्तीची मूठ पडेलही.

ऑगस्ट जमत नसेल तर डिसेंबर. त्यात माझा स्वार्थ असा की तो भरिताचा मोसम आहे. तुम्ही तिकडच्या ओव्हनमध्ये काळ्या वांग्याचं करता, ते चांगलंच असेल. पण मुलांना एकदा शेतातलं भरीत दाखवा. वांगी मोठी, फिकट हिरवी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. कापूस निघाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या आणि त्या जाळावर वांगी टाकायची. साल काळी पडून तडकते, आतून रस सुटून चरचरतो, आणि बोटं भाजत भाजत साल काढताना प्रत्येक जण दुसऱ्याला 'नीट काढ, काळं राहू देऊ नको' म्हणून दटावतो. मग लाकडी भांड्यात मुसळीने ठेचणं, आणि तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून कांद्याची पात. हळद नाही, टोमॅटो तर नाहीच नाही. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. मुलांना नुसतं ताटावर बसवू नका, सोलायला बसवा. हात काळे झाले की तक्रारी बंद होतात.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे. मागच्या वेळी तुम्ही पाहुण्या होतात. पाहुण्याला शहर दाखवतात, आणि दाखवण्यासारखं म्हणजे नवं तेच असतं: नवा रस्ता, नवा मॉल, चुलतभावाचा नवा बंगला. ते म्युनिकला जास्त चांगलं मिळतं, म्हणून मुलं कंटाळली. या वेळी घरातली कामं मागून घ्या. आईच्या पाटल्या पॉलिशला द्यायच्या असतील तर तिच्याबरोबर सराफ बाजारात जा आणि ती घासाघीस कशी करते ते मुलांना बघू द्या. पप्पांचं बँकेतलं काम असेल तर स्कूटरवर मागे बसून जा. बाजारातून भाजी तुम्ही आणा. पहिल्या दिवशी फसवतील, तिसऱ्या दिवशी भाजीवाली मावशी 'कव्हय उनी व माय?', कधी आलीस गं, म्हणून विचारेल. तिथून पुढे सतरा मजलीच्या, म्हणजे महापालिकेच्या इमारतीच्या अलीकडचं काय पाडलं नि पलीकडचं काय उभं राहिलं, हे कुणी सांगायची गरज उरत नाही.

याचसाठी जेवणाची आमंत्रणं आटोक्यात ठेवा. रोज दोन घरी पुरणपोळी खाल्ली तर शहर दिसणार कधी? एका रविवारी सगळ्यांना आपल्याच घरी बोलवा. वरण-बट्टीचा बेत करा, बट्ट्या वळायला वहिन्यांबरोबर तुम्ही बसा. कुणी रुसलंच तर आईवर सोपवा, ती हे तुमच्यापेक्षा चांगलं सांभाळते.

बघायची ठिकाणं थोडी आणि जवळची ठेवा. जुन्या जळगावात बहिणाबाईंचा चौधरी वाडा आहे. त्यांचं जन्मगाव असोदेही शहराला लागूनच. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या नावाने आज आपलं विद्यापीठ आहे, 2018 पासून. ही गोष्ट मुलांना त्या वाड्यात उभं राहून सांगा, गाडीतून जाता जाता नको. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय अर्ध्या दिवसाचं, आणि मोठ्या मुलीला तेच सगळ्यात आवडेल असा माझा अंदाज. नोव्हेंबरात पोहोचलात तर कार्तिकी एकादशीचा रथ चुकवू नका. रथ ओढणाऱ्यांकडे सगळेच बघतात. तुम्ही चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर सारणाऱ्यांकडे बघा, एवढा मोठा रथ वळतो नि थांबतो तो त्यांच्या हातावर.

एक दिवस यावल-रावेरकडे ठेवा. कुणाचा ना कुणाचा मामा केळीवाला असतोच. केळीच्या लागवडीतली मृगबाग म्हणजे काय, कांदेबाग म्हणजे काय, घड कापून ट्रकपर्यंत न घासता कसा नेतात, हे बघितलेलं मूल सुपरमार्केटमधल्या केळ्याकडे वेगळ्या नजरेने बघतं. अजिंठ्याला जायचं असेल तर जा, पण तो पर्यटनाचा दिवस, त्याला माहेराच्या खात्यात धरू नका.

आता भाषेचं. तुम्ही लिहिलंय की आजी शेजारणींशी अहिराणी बोलते, आणि नातवंडांसमोर मात्र पुस्तकी मराठी, तीही अडखळत. तिला कोणीतरी कधीतरी हसलेलं असणार. तिला सांगा, मुलांशीही तसंच बोल. मुलं जर्मन-इंग्रजी सांभाळतात, त्यांना आणखी एक बोली जड जाणार नाही. आणि तुम्हीही तिच्याशी अहिराणीतच बोला. सुरुवातीला जीभ अडेल, सगळे हसतील, हसू द्या.

'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य तेवढं विमानतळावर सोडा. रस्त्यातले खड्डे त्यांना दिसत नाहीत असं नाही, ते रोज त्यातूनच जातात.

हॉटेलचं विचारलंत. नको, घरीच राहा. अडचण बाथरूमची आहे हे तुम्ही लिहिलं नाही, पण ओळींमधून कळतं. तर जायच्या चार महिने आधी पैसे पाठवून कमोड बसवून घ्या, धरायला भिंतीला दांडी लावून घ्या. मुलांची सोय होईल आणि आई-पप्पांच्या गुडघ्यांचीही. फक्त आईला विचारून करा. न विचारता गवंडी दारात उभा राहिला तर तुम्ही पोहोचेपर्यंत तो परत गेलेला असेल.