राजीनामा नंतर दे, आधी बघ

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. फिलिप आयलंडला सगळ्यांनी मिळून पेंग्विन बघितले, मेलबर्नला परतताना बसमध्ये तुला रडू आलं आणि आता हिंजवडीची नोकरी सोडून वाइल्डलाइफमध्ये एमएस्सी करू का म्हणतेस. पेंग्विन गोड असतात वगैरे मी लिहीत बसत नाही. राग कशाचा आला सांगू? एवढा लांबलचक मेसेज, त्यात पेंग्विनवर दोन ओळी, बाकी सगळं तुझ्याबद्दल!

नक्की बघितलंस काय तू? पहिला घोळका वाळूवर आला, दचकला आणि परत पाण्यात पळाला, असं किती वेळा झालं? जेमतेम ३३ सेंटिमीटर उंच, किलोभर वजनाचा पक्षी, वाळू पूर्ण उघडी, वर गरुडाची भीती, म्हणून तर अंधार पडायची वाट बघतात आणि एकेकटे न येता घोळक्याने येतात. हे सगळं समोर चाललेलं होतं आणि दादा वैतागलेला, का तर फोटो काढू देत नाहीत. बरंच आहे की! वर बाबांनी घाई केली म्हणून तुम्ही तिथून लवकर निघालात. अगं, त्यानंतरच तर खरं सुरू होतं, ते लाकडी वाटेच्या कडेकडेने बिळांकडे जातात, जोडीदाराला हाका मारतात, पिल्लं खायला मागत ओरडतात. ते राहिलंच ना? म्हणून म्हणतो, आधी बस आणि बघ.

त्या किनाऱ्यामागे पूर्वी घरांची वसाहत होती, माहितीय? १९८५ मध्ये सरकारने ठरवलं की सगळी विकत घ्यायची आणि जागा पेंग्विनना द्यायची, पूर्ण व्हायला २०१० उजाडलं. (आपल्याकडे टेकडीवरचा एक बंगला हलवून दाखवा म्हणावं.) आणि तिथल्या पेंग्विनांच्या नोंदी १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू केल्या त्या हौशी लोकांनी. हौशी! बसले, बघितलं, लिहून ठेवलं.

हो, हे मी स्वतःसाठीही लिहितोय, कळतंय मला. बँकेला चिकटून राहिलो, शिकायला गेलो नाही, खंत आहे, नाही कशाला म्हणू. एक पेपर नाही नावावर. पण पुण्याजवळच्या कवडीला नदीवर चक्रवाक कधी आले, कधी गेले ते माझ्या वह्यांत आहे आणि पीएचडीवाली पोरं तेच विचारत माझ्याच दारात येतात. फुशारकी वाटेल, वाटू दे. डिग्री वाईट नाही गं, पण ज्याला दोन तास एका जागी बसवत नाही त्याने डिग्री घेऊन करायचं काय?

तेव्हा राजीनामा टाइप करून ठेवला असशील तर राहू दे ड्राफ्टमध्ये. रविवारी उजाडायच्या आत कवडीला ये, नदीला वास येतो, रुमाल आण, कॅमेरा नको. एकच पक्षी धरायचा, तेवढाच बघायचा, दुसरा कितीही भारी आला तरी मान वळवायची नाही, आणि घरी जाऊन आंघोळीच्या आधी लिहून काढायचं. हिवाळाभर हे कर. मग डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचा फॉर्म आपण दोघं बसून भरू आणि बाबांशी मी बोलेन, पण वही बघितल्याशिवाय नाही. आणि वही म्हणजे वही, फोनमधल्या नोट्स मी वाचणार नाही.

काका