मिनिमल डॉमिनेटिंग सेट आणि मिनिमम डॉमिनेटिंग सेट एकच का?

नाही, आणि ग्राफ थिअरीच्या (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणिताच्या) पेपरात मुलं नेमकी इथेच घसरतात.

कोकण रेल्वेची गोव्यातली सहा स्थानकं उत्तरेकडून घ्या: पेडणे, थिवी, करमळी, मडगाव, बाळ्ळी, काणकोण. (मधली बारकी स्थानकं तूर्त विसरा.) प्रत्येक स्थानक हा एक शिरोबिंदू (बिंदू) धरून लागोपाठची स्थानकं कडेने (रेषेने) जोडली की सहा शिरोबिंदूंचा पाथ, म्हणजे सरळ साखळी, झाली. डॉमिनेटिंग सेट म्हणजे असा संच, की बाहेरच्या प्रत्येक शिरोबिंदूचा निदान एक शेजारी त्यात असतो.

आता पेडणे, मडगाव, काणकोण निवडा. दोन टोकं आणि मोठं जंक्शन, कुणालाही हेच सुचेल. सगळी स्थानकं झाकली जातात, म्हणजे प्रत्येक एकतर संचात आहे किंवा त्याचा शेजारी संचात आहे. पेडणे काढलं तर तेच उघडं पडतं, काणकोणचंही तसंच. मडगाव काढलं तर करमळीला कोणी उरत नाही. म्हणजे एकही काढता येत नाही: संच मिनिमल आहे. पण थिवी आणि बाळ्ळी एवढ्या दोघांतच काम भागतं! मिनिमम, म्हणजे सगळ्यात लहान, तो हा, आणि त्यातल्या शिरोबिंदूंची संख्या म्हणजे डॉमिनेशन नंबर २.

एकात का भागत नाही, हेही लिहा. मार्क त्याचेच असतात. इथे एक शिरोबिंदू स्वतःसकट फार तर तीन झाकतो, म्हणून किमान ६/३ = २ हवेतच. n शिरोबिंदूंच्या पाथला हाच हिशेब n/३ देतो, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक.

एकटा पडलेला शिरोबिंदू नसेल तर हा नंबर n/२ च्या वर जात नाही (गणितज्ञ ओर, १९६२). मात्र कुठल्याही ग्राफसाठी तो झटपट काढून देणारी रीत शोधत बसू नका, प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे अशी झटपट रीत आजवर कुणालाच सापडलेली नाही.