मिनी ट्रॅक्टर कराडहून चिपळूणला न्यायचाय, पिकअपमध्ये घालू की मागे ट्रॉली जोडून नेऊ?

तुम्ही लिहिलंय की १५ एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर घेतलाय, मित्राची बोलेरो पिकअप आहे, ओळखीत एक ट्रॉली पण मिळतीय आणि यूट्यूबवर अमेरिकेतले शेतकरी पिकअपच्या मागे ट्रेलर लावून ट्रॅक्टर नेतात तसं आपण का करू नये. दादा, ट्रॉलीचा विचार सोडून द्या, सरळ पिकअपच्या हौद्यात (मागच्या माल ठेवायच्या जागेत) घाला. आमच्या घरची पिकअप आहे, शेतीच्या सामानाची भाडी मारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिकडच्या पिकअपला किती वजन ओढायचं ते कंपनीच लिहून देते आणि जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. ट्रेलरवरचं वजनही असं मांडतात की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर यावा, त्यापेक्षा कमी आला की ट्रेलर मागे झुलायला लागतो. आपल्याकडच्या शेतातल्या बहुतेक ट्रॉलीला ब्रेकच नसतो, ती ट्रॅक्टरच्या वेगाला, म्हणजे ताशी २५-३० ला चालते. वाटेतला कुंभार्ली घाट उतरताना मागून ट्रॉली आणि ट्रॅक्टर दोघांचा रेटा आला तर एकट्या पिकअपच्या ब्रेकने काय होणार सांगा. शिवाय ट्रॉलीचं पासिंग (आरटीओची नोंदणी) वेगळं असतं, ट्रॅक्टरची ट्रॉली कुठल्याही गाडीला जोडून चालत नाही.

आता वजन. या साइझचे ट्रॅक्टर ८००-८५० किलोच्या आसपास असतात, स्वराज ७१७ तर साधारण ८५०. पिकअप १.३ टनी असो की १.७ टनी, आरामात बसतं, तरी आरसी बुकातला वजनाचा आकडा एकदा बघून घ्या. ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर असता तर नकोच म्हटलं असतं, तो सुटाच दोन टनाच्या जवळ जातो, त्याला टाटा ४०७ किंवा आयशरचा ट्रकच पाहिजे. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० दंड आहे, वर जादा प्रत्येक टनाला २,००० आणि जादा माल तिथंच उतरवायला लावतात ते वेगळंच. रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागे जोडायचं माती भुसभुशीत करणारं अवजार) असेल तर सोडून ठेवा, तो दुसऱ्या खेपेला, कारण जोडून ठेवला तर मागचा फाळकाच लागणार नाही.

खरी भीती चढवताना आहे आणि लोक नेमकं तिथंच घाई करतात. हौदा कमरेच्या जवळपास उंच, त्याला आखूड फळ्या लावल्या की चढ एकदम उभा होतो आणि ट्रॅक्टर तोंडाने चढवला तर मागच्या चाकांच्या जोराने पुढचं तोंड उचलून उलटा पडू शकतो, माणूस खाली सापडतो. म्हणून मार्केट यार्डातला माल चढवायचा धक्का (उंच ओटा) बघा, नाहीतर एखादा मजबूत बांध बघून पिकअप त्याला टेकवा म्हणजे चढच उरत नाही. फळ्या लावाव्याच लागल्या तर लांब लोखंडी चॅनेल घ्या, चॅनेल पिकअपला साखळीने बांधा आणि ट्रॅक्टर रिव्हर्सने सगळ्यात हळू गिअरमध्ये चढवा. रिव्हर्सचा दुसरा फायदा असा की ट्रॅक्टरचं जास्त वजन मागच्या चाकांवर असतं, ते केबिनच्या बाजूला येतं आणि पिकअपचं शेपूट खाली दबत नाही. चढवताना पिकअपच्या चाकांना दगड लावा, मागे चासीखाली लाकडी ठोकळा द्या, नाहीतर ट्रॅक्टर काठावर आला की पिकअपचंच तोंड उचलतं. मागे कुणी उभं राहायचं नाही, हात दाखवणारा बाजूला, आणि पोरांना तर तिथून लांबच ठेवा.

बांधायला नायलॉनचा दोर नको!! तो ताणतो आणि धारदार कडेला कापतो. जाड रॅचेट बेल्ट (खटक्याने आवळायचा पट्टा) नाहीतर साखळी घ्या, चार कोपऱ्यांतून चार, तिरके आणि खाली ओढून. पुढून अॅक्सलला आणि मागून ड्रॉबारला (ट्रॉली जोडायच्या दांड्याला) किंवा मागच्या अॅक्सलला बांधा, स्टिअरिंगच्या रॉडला किंवा हायड्रोलिकच्या पाइपला अजिबात नको. हँडब्रेक, गिअर, लिफ्ट खाली, चाकांना ठोकळे, आणि लिफ्टचे लिंक (अवजार जोडायचे मागचे दांडे) बांधून टाका नाहीतर वाटभर आपटत राहतात. छत असेल तर काढून ठेवा, बॉनेटचा हूक नीट लागलाय का बघा, पाऊस असेल तर उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर डबा नाहीतर पिशवी घट्ट बांधा (चालू करण्याआधी आठवणीने काढायची).

निघाल्यावर थोडं पुढे गेलात की थांबून बेल्ट परत ओढा, टायर दबून ते ढिले होतातच, मग घाटाआधी कोयनानगरला परत एकदा बघा. कुंभार्ली उतरताना सेकंड गिअरमध्येच उतरा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे ड्रायव्हर असतात, मित्राला आधीच स्पष्ट सांगा. ट्रॅक्टर वर चढल्यामुळे गाडी वरच्या बाजूला जड झालेली असते, वळणावर नेहमीच्या सवयीने घेतली तर एका बाजूला कलते. पावसाळ्यात धुकं असतं, म्हणून दिवसाउजेडी घाट उतरून व्हायला पाहिजे, उशीर झाला तर मुक्काम अलीकडेच करा.

कागदात ट्रॅक्टरचं आरसी, विमा, आणि विकणाऱ्याच्या सह्या झालेले फॉर्म २९ आणि ३० (मालकी नावावर करायचे) बरोबर ठेवा. बोजा (ट्रॅक्टरवर कर्ज) असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय ट्रॅक्टर उचलूच नका.